चांगुणामावशीची वकील

लोक पावसाळा आला की हळवे होतात, मला वालाच्या हंगामात लाज वाटायला लागते. जानेवारी अर्धा सरला, पनवेलच्या बाजारात वालाच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागले आणि एखाद्या संध्याकाळी हवेत भांबुर्डीच्या पाल्याचा जळका, उग्र वास आला, की माझे कान गरम होतात. केस पिकले, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवून निवृत्तीला टेकले, तरी यात काही फरक नाही. घरच्यांची समजूत अशी, की मला पोपटी आवडत नाही. आवडत नाही कसली? पोपटीवर माझा जीव आहे. खाताना मान वर करवत नाही, एवढंच.

पोपटी ज्यांनी खाल्ली नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे भात कापून झालं की त्याच शेतात, उरलेल्या ओलीवर वाल पेरतात. शेंगा भरल्या की मडक्यात भांबुर्डीचा पाला अंथरायचा, त्यावर मीठ आणि ओवा लावलेल्या शेंगा, वर पुन्हा पाला. मग मडकं शेतातच उपडं ठेवून भोवती पेंढा पेटवायचा. पाणी नाही, तेल नाही. शेंगा आपल्याच वाफेत शिजतात. आता तिचे महोत्सव भरतात, आणि हमरस्त्याला कोन गावाजवळ तिच्या टपऱ्या लागतात. परवा नवऱ्याने तिथे गाडी थांबवली आणि प्लॅस्टिकच्या डब्यात पार्सल घेऊन आला. मी खिडकीतून बाहेर बघत बसले होते. समोर पत्र्याची गोदामं, न्हावा शेव्याकडे निघालेल्या कंटेनरच्या गाड्यांची रांग, मागे उंच इमारती. ते शेत यातच कुठेतरी होतं. नेमकं कुठे, ते आता मला बोट ठेवून सांगता येत नाही.

तेव्हा मी मुंबईला एम.ए. करत होते. विषय राज्यशास्त्र, आणि विभागाचं नाव असं भारदस्त, की नुसतं उच्चारलं तरी माणूस इंचभर उंच व्हावा. आंतरराष्ट्रीय अभ्यास विभाग. माझे वडील, आप्पा, शाळेत इतिहास शिकवायचे. या विभागातून शिकलेली मुलं परदेशात आपल्या देशाच्या वकिलातीत जातात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. झालं. तळ्याकाठी फिरायला जाताना कुणी विचारलं, की मुलगी काय करते, की आप्पा छाती काढून सांगत, ‘वकिलातीत जायचंय तिला.’

आता हा शब्द पेपरात वाचायला ठीक आहे. आमच्या आळीत तो ऐकला जायचा ‘वकील’ असाच. दिवाळीपर्यंत मी अर्ध्या आळीची वकील झाले होते. शेजारचे काका भाडेकरूला कसं काढावं ते विचारून गेले. समोरच्या वहिनींना नणंदेच्या वाटणीबद्दल सल्ला हवा होता. सुरुवातीला मी नेटाने सांगायची, की मी वकील नाही, मी परराष्ट्र धोरण शिकते. समोरचा समजुतीने मान हलवायचा आणि म्हणायचा, ‘तेच ते.’

इकडे असा मान, आणि तिकडे विभागात मी कोपऱ्यात. वर्गात मुंबईच्या कॉन्व्हेंटमधल्या मुली होत्या, मॉरिशसचा एक मुलगा होता, दोघं इराणचे, आणि केनियाहून आलेली ग्रेस. पहिल्या दिवशी सगळ्यांनी आपापलं गाव सांगितलं. कुणी राजधानीचं शहर सांगितलं, कुणी दक्षिण मुंबईचा रस्ता. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणाले, ‘निअर बॉम्बे.’ पनवेल हा शब्द तोंडातून निघेना. त्या आंतरराष्ट्रीय वर्गात सगळ्यात परकी मीच होते. सकाळच्या एस.टी.ने खाडीपूल ओलांडून पोचेपर्यंत अंगावर धूळ, केसांत धूळ, आणि माझं इंग्रजी असं, की वाक्य मनात जुळवून तयार होईस्तोवर चर्चा दुसऱ्या खंडात पोचलेली असायची.

मला तेव्हा कशाकशाची लाज वाटायची याची आठवण झाली की आता हसू येतं. चपलांची. आईने शिवलेल्या कापडी पिशवीची. सगळ्यात जास्त डब्याची. हिवाळ्यात आई हमखास वालाचं बिरडं द्यायची, आणि डबा उघडला की त्याचा वास आख्ख्या खोलीत पसरायचा. मी जिन्याखाली जाऊन जेवायची. एकदा ग्रेसने मला तिथे गाठलं, न विचारता बोट बुडवून चाटलं आणि मांडी घालून समोर बसली. तिची आई डोंगरउतारावर असलेच कसले तरी घेवडे लावते, म्हणाली. कसे पेरतात, वेल किती चढतो, सोलायचे कसे, एकेक विचारत राहिली. मी थातुरमातुर उत्तरं दिली. खरं तर मलाही नीट माहीत नव्हतं. वाल आमच्याकडे टोपलीतून यायचे, आणि टोपली चांगुणामावशीच्या डोक्यावरून.

चांगुणामावशी कोनची. आगरी. उंच, काटक, गुडघ्यापर्यंत आवळून नेसलेलं लुगडं आणि आवाज असा, की आळीच्या तोंडाशी ‘भाजीये’ म्हणाली की आमच्या स्वयंपाकघरात भांडी हलावीत. पळस्प्यापर्यंत चालत यायची, तिथून मिळेल त्या गाडीने पनवेल. आमच्या ओट्यावर टोपली उतरवली की आधी पाणी, मग चहा, मग गावच्या बातम्या. मला लहानपणापासून ‘बाय’ म्हणायची. माझ्या बारशाला पहिली शिराळी तिने आणली होती, असं आई सांगते. बारशाला शिराळी कशाला, ते मला कधी कळलं नाही.

तो हिवाळा आमच्या विभागात मोठ्या गमतीचा होता. आम्हाला सोव्हिएत संघावर आख्खा एक पेपर होता, आणि नाताळच्या सुमारास तो देशच संपला. सरांनी भिंतीवरच्या नकाशावर कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवून नव्या देशांची नावं लिहिली. पंख्याचा वारा लागला की एखादा देश सुटून खाली पडायचा. परीक्षेचं काय, असं आम्ही विचारलं तेव्हा सर शांतपणे म्हणाले, ‘देश आहे असं समजून लिहा.’ सीमा कुणी आखायच्या, माणसांना विचारून आखायच्या की न विचारता, यावर आम्ही दुपारच्या दुपार भांडायचो. मी पण. कारण तोवर माझं इंग्रजी सुटलं होतं. एके दिवशी अचानक वाक्यं मनात न जुळवताच बाहेर यायला लागली, आणि मग मला धरवेना. नव्याने सायकल शिकलेलं पोर जसं तेल आणायलासुद्धा सायकलवरून जातं, तसं माझं झालं. बसच्या कंडक्टरशी इंग्रजी बोलायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

अशा दिवसांत एका रविवारी चांगुणामावशी आली आणि टोपली उतरवून आधी माझ्याकडे वळली.

‘बाय, तुज्याकडं काम हाय.’

कोनच्या बाजूची जमीन बंदराच्या गाड्यांच्या तळासाठी गेली होती, आणि ते काम पनवेलच्या भूसंपादन कचेरीतून चालायचं, हे आम्हाला ठाऊक होतं. त्याबद्दल ती रडत नव्हती. ‘गेली ती गेली,’ ती म्हणाली. ‘सगल्यांचीच गेली. त्याचा मी काय बोलत नाय. पन वाल उभा हाय शेतात. आमचा शेत सखल, ओल लवकर हटत नाय, म्हनून पेरलाच उशिरा. आता कुटं फुलावर आलाय. आनि भरावाच्या गाड्या येनार म्हनतात. तू सायबाला येवडाच सांग, का वाल निगंपर्यंत थांबा. मंग टाका तुमची माती.’

‘मावशी, मी वकील नाही गं.’

‘आप्पा तर बोलले वकिलातीत हाय म्हनून.’

‘ते वेगळं. दुसऱ्या देशात जायचं आणि तिथे आपल्या लोकांच्या वतीने बोलायचं, असं काम असतं ते.’

तिने बशीतला चहा संपवला. पदराने तोंड पुसलं. ‘मंग मी दुसरा काय सांगतंय? ती कचेरी आमाला दुसरा देसच हाय. मी दोनदा जाऊन आली. शिपाई आत सोडीत नाय. तुला सोडील.’

आप्पा आतून ऐकत होते. ते इतके खूश झाले की बाहेर येऊन ओट्यावरच बसले. म्हणाले, ‘चांगुणाचंच बरोबर आहे.’ आणि गंमत अशी, की त्याच आठवड्यात सरांनी राजनय शिकवताना नेमकं हेच सांगितलं. जुन्या मराठी कागदपत्रांत वकील म्हणजे राजदूत. परक्या दरबारात आपल्या धन्याचं म्हणणं घेऊन जाणारा. त्याला पालखी मिळो, पोशाख मिळो, दरबारात पुढची जागा मिळो, धन्याचा निरोप पोचला नाही तर सगळं फुकट. मी ते वाक्य घरी येऊन आप्पांना ऐकवलं. मला स्वतःचाही अभिमान वाटला. आपण चांगुणामावशीच्या वकील, म्हणजे अगदी शास्त्रशुद्ध.

मी आईची कलकत्ता साडी नेसले. चांगुणामावशी ठेवणीतलं लुगडं नेसून आली, टोपलीशिवाय. तिचं मोकळं डोकं मी पहिल्यांदाच बघत होते, त्यामुळे ती मला थोडी बुटकी वाटली. कचेरीच्या दारात शिपायाने नेहमीच्या सवयीने हात आडवा केला. मी त्याला विभागाचं लांबलचक नाव इंग्रजीत सांगितलं. हात खाली आला आणि तो स्वतःच आत सांगायला गेला.

साहेब तरुण होता. टेबलावर काच, काचेखाली देवाचा फोटो, बाजूला इंग्रजी साप्ताहिकं. त्याने उठून ‘प्लीज सीट’ म्हटलं. मी बसले. चांगुणामावशी दाराशी, चौकटीवर हात ठेवून उभी राहिली. तिला कुणी बस म्हटलं नाही. बाजूला दुसरी खुर्ची रिकामी होती, हे मला आज दिसतं.

विभागाचं नाव ऐकून साहेबाचा चेहरा उजळला होता. त्याने पण राज्यशास्त्रच केलं होतं, परीक्षा देऊन नोकरीत आला होता, आणि पनवेलमध्ये या विषयावर बोलायला माणूस नाही म्हणून त्याचा जीव गुदमरत होता. शीतयुद्ध संपलं, आता पुढे काय, असं त्याने इंग्रजीत विचारलं. मला काय, तेवढंच हवं होतं. मी सत्तासंतुलनावर बोलले. अलिप्ततावादावर बोलले. लहान राष्ट्रांचा आवाज कुणी ऐकायचा, यावर तर मी फारच छान बोलले. तो मध्ये हसून ‘एक्झॅक्टली’ म्हणायचा आणि मी आणखी फुलायची. कपबशीतून चहा आला. दोन कप. मी एकदा मागे वळून बघितलं, तेव्हा चांगुणामावशीने मान हलवली आणि हाताने ‘बोल, बोल’ अशी खूण केली.

मी विषय काढणारच होते. ‘सर, अ‍ॅक्चुअली’ एवढं म्हणालेही. तेवढ्यात फोन वाजला. तो ठेवल्यावर साहेबाने विचारलं, की तुम्ही परराष्ट्र सेवेची परीक्षा देणार ना, आणि मग कोणती पुस्तकं वाचावीत यावर आम्ही गेलो. शिपाई आला, बाहेर मिटिंगची माणसं थांबली होती. साहेब उठला, मला सोडायला दारापर्यंत आला, चांगुणामावशीच्या शेजारी उभं राहून माझ्याशी बोलला, ‘डू कम अगेन.’ मी ‘थँक यू सर’ म्हणाले. काम आटोपलं.

बाहेर चिंचेच्या झाडाखाली आल्यावर चांगुणामावशीने माझं तोंड दोन्ही हातांत धरलं, आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. ‘काय बोल्लीस गो बाय,’ ती म्हणाली. ‘काय बोल्लीस.’ सायबाने काय सांगितलं, असं तिने विचारलं नाही. मी पण सांगितलं नाही. राजनयात आधी संबंध जोडायचे असतात, मागणी नंतर, असं मी मनाशी जुळवून टाकलं. ओळख तर झाली, पुढच्या खेपेला वालाचं काढू.

यातली सगळ्यात वाईट गोष्ट ही, की त्या दिवशी मला लाज वाटली नाही. मी आनंदात होते. डब्याची, चपलांची, धुळीची लाज वाटून वाटून मी दमून गेले होते, आणि आज एका साहेबाने मला बरोबरीने वागवलं होतं, इंग्रजीत, कपबशीतून. जिथे लाजायचं कारण नव्हतं तिथे मी वर्षभर मान खाली घालून फिरले, आणि जिथे कारण होतं तिथून तरंगत घरी आले. दुसऱ्या दिवशी विभागात जाऊन सगळा किस्सा ग्रेसला सांगितला. तिने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, ‘अँड द बीन्स?’

‘नेक्स्ट टाइम,’ मी म्हणाले. डब्यातलं बिरडं त्या दिवशी तिने घेतलं नाही, असं मला आठवतं. कदाचित तिला भूक नसेल.

त्याच आठवड्यात चांगुणामावशीचा निरोप आला, की पोपटीला या. आम्ही तिघं, आई, आप्पा आणि मी, दिवस कलताना कोनला पोचलो. शेजारच्या, आधी पेरलेल्या शेतात पेंढा पेटला होता, मडक्याभोवती माणसं बसली होती. मी दिसताच कुणी तरी घरातून खुर्ची आणली. लोखंडी, घडीची. नांगरटीच्या ढेकळांत तिचे पाय रुतायचे, ती कलंडायची, पुन्हा कुणी तरी सरळ करून द्यायचं. आप्पा पेंढ्यावर बसले, आई पेंढ्यावर बसली, आणि मी खुर्चीत. नको म्हटलं तर ऐकेनात.

चांगुणामावशीने कचेरीची कथा रंगवून सांगितली. सायेब कसा उठला, चहा कसा आला, मी कशी बोलले. माझ्या इंग्रजीची तिने अशी हुबेहूब नक्कल केली, की आप्पासुद्धा पोट धरून हसले. सगळी अर्थ नसलेली अक्षरं, पण हेल माझा. ‘आनि दारापरत आला सोडाया,’ ती म्हणाली. ‘आपल्यासाटी कवा उठलाय काय सायेब?’

एका म्हाताऱ्याने विचारलं, ‘मंग थांबतील ना गो?’

‘सायेब थांबंल, पन डंपरवाला आयकंल काय?’ चांगुणामावशी म्हणाली. ‘भरल्यात त्या शेंगा तोडून घ्या. कुनाच्या भरवशावर नको ऱ्हाऊ.’

मला तेव्हा वाटलं, शेतकऱ्याची सावध वृत्ती, दुसरं काय. मडकं फोडलं, वाफ आली, कुणी तरी पहिली मूठभर पोपटी माझ्या ओंजळीत टाकली. शेंगा अशा गरम, की तळहात भाजले. दाणे मऊ, खारट, धुराच्या वासाचे. मी खाली बघून खात होते आणि सगळे माझ्याकडे बघत होते, गोडीने. त्या खुर्चीत बसून मला पहिल्यांदा लाज वाटली. नुसती मनात नाही, अंगभर. तोंडात शेंग धरून मी बसले होते.

सकाळी एस.टी. चुकवली आणि एकटीच कचेरीत गेले. साहेब दौऱ्यावर होता. बाहेरच्या कारकुनाने विचारलं, काय काम. मी सांगितलं. कोनच्या शेतांतला वाल निघेपर्यंत भराव थांबवा, एवढंच सांगायचं होतं. मराठीत ते एका श्वासात बोलून झालं. स्वतःचं नाव सांगायला लागतो तेवढा वेळ.

कारकुनाने चष्मा कपाळावर चढवला. ‘एवढंच ना? अहो, मग त्या दिवशी बोलायचं. साहेब खुशीत होते. ठेकेदाराला तिथूनच फोन केला असता. आता गाड्या लागल्या त्याच्या.’

आता वर्गात मुलं मला विचारतात, मॅडम, तुम्ही फॉरेन सर्व्हिसला का गेला नाहीत. नंबर लागला नाही, असं मी सांगते, आणि ते खरंच आहे. राजनयाच्या पेपरात मला विभागात सगळ्यात जास्त गुण मिळाले, हे मात्र सांगत नाही. त्या पेपरात मी वकील या शब्दाचा जुना अर्थ लिहिला होता, धन्याचा निरोप वगैरे, सुवाच्य अक्षरात. तो धडा मी अजूनही शिकवते. मुलं उतरवून घेतात. मी फळ्याकडे तोंड करून उभी राहते, तेवढं एक वाक्य होईपर्यंत.

कारकुनाला भेटून आले त्याच दिवशी भरावाच्या गाड्या आल्याचं आप्पांनी सांगितलं, तेव्हा दुपार होती. आम्ही दोघं मिळेल त्या टेम्पोने कोनला गेलो. शेताच्या वरच्या अंगाला तांबडा मुरूम पसरला होता, आणि गाड्या एकेक करून मागे मागे येत होत्या. मागचं फळकूट उघडायचं, मुरूम घसरत खाली यायचा आणि वेल दिसेनासे व्हायचे. वालावर पांढरी, जांभळी फुलं तशीच होती. चांगुणामावशी आणि तिची सून गाडीच्या पुढे पुढे शेंगा तोडत सरकत होत्या. शेंगा कसल्या, चपट्या पापड्या, आत दाणाच धरलेला नाही. तिने एकदा नुसता हात वर केला, तर डंपरवाल्याने गाडी बंद केली आणि बिडी पेटवून बसला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याची कुणाशीच ओळख नव्हती.

मी साडी खोचली आणि शेतात उतरले. तोडायची सवय नाही, शेंगेबरोबर वेलच हातात यायचा. चांगुणामावशीने एकदा दाखवलं, नखाने देठ कसा खुडायचा. मग आम्ही शेजारी शेजारी तोडत होतो. आप्पा बांधावर उभे होते.

शेवटी मी म्हणाले, ‘मावशी, त्या दिवशी मी साहेबाकडे वालाचं काढलंच नाही.’

तिचा हात थांबला नाही. ‘मना ठावं हाय.’

‘कुणी सांगितलं? कारकुनाने?’

‘कोन सांगनार? मी दारातच उभी व्हती ना.’ तिने मूठभर पापड्या ओटीत टाकल्या. ‘इंग्रजी मना नाय कलत. पन आमच्या गावाचा नाव इंग्रजीत बी कोनच ना? का दुसरा काय म्हनतात? सगला येल कान देऊन उभी व्हती. एकदा बी नाय आला.’

मला रडू फुटलं. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. पलीकडे डंपरवाल्याने बिडी विझवली आणि गाडी चालू केली.

‘मग त्या दिवशी माझी दृष्ट कशाला काढलीस?’ मी विचारलं. ‘आख्ख्या गावाला का सांगत फिरलीस, की मी बोलले म्हणून?’

चांगुणामावशीने कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली आणि पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. ‘मंग काय सांगू गो लोकांना?’ ती म्हणाली. ‘आमची पोर आत गेली आनि आमालाच इसरली, असा सांगू?’